निराश झालेल्या चाहत्यांना संघाने काय द्यावं? (गहुंज्याच्या एका शिट्टीवरून)

अनुराधा_चिंचवड:

परवा बाबांचं कपाट आवरत होते. जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्याखाली एक पिवळी प्लास्टिकची शिट्टी निघाली आणि तिला रबरबँडने गुंडाळलेलं, पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावरच्या मॅचचं तिकीट. २० एप्रिल २०१८, चेन्नई विरुद्ध राजस्थान. तिकिटावरची शाई पार उडालीय. "टाकू का?" विचारलं तर बाबा म्हणाले, "तिकीट टाक. शिट्टी राहू दे."

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आयपीएल क्रिकेटमधला चेन्नईचा संघ दोन वर्षांच्या बंदीनंतर २०१८ मध्ये परत आला. १० एप्रिलला चेपॉकवर, म्हणजे चेन्नईच्या घरच्या मैदानावर, एक सामना झाला. तेव्हा कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटलं होतं, मैदानात बूट फेकले गेले आणि उरलेले सहाही घरचे सामने पुण्याला हलवले. दोन वर्षं वाट पाहिलेल्या लोकांच्या पदरात एक सामना पडला. मग संघाने त्यांच्यासाठी चेन्नईहून पुण्याला अख्खी रेल्वेगाडी सोडली, विसलपोडू (म्हणजे 'शिट्टी वाजवा') एक्स्प्रेस. हजारएक माणसं. प्रवास, जेवण, राहणं, तिकीट, सगळा खर्च संघाचा.

गेटबाहेरच्या रांगेत आमच्या पुढे त्या गाडीने आलेले एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी. बाबांना तमिळ येत नाही, त्यांना मराठी-हिंदी येत नव्हतं. तरी आमच्या डब्यातली चटणी-पोळी तिकडे गेली आणि त्यांच्या पिशवीतली मुरुक्कू आमच्याकडे आली. आत ते आमच्या दोन रांगा पुढे बसले. वॉटसनचं शतक झालं तेव्हा ती मुलगी पायऱ्या चढून वर आली, गळ्यातली शिट्टी काढून बाबांच्या हातात दिली आणि खुणेने म्हणाली, वाजवा.

तर प्रश्न असा: निराश झालेल्या चाहत्यांसाठी एखाद्या संघाने काही केल्याचं तुम्ही पाहिलंय का? आणि तिकिटाचे पैसे परत दिले की भागतं का? मला वाटतं भागत नाही. आपलं वाईट वाटणं समोरच्याने ओळखलं, हे कळायला हवं.

रावेतचा_राजू:

त्या मॅचला मीही होतो!! वॉटसन ५७ चेंडूंत १०६. चेन्नई २०४, राजस्थान १४० मध्ये गार. आपल्या गहुंज्यात सगळीकडे पिवळंधमक, आणि शिट्ट्यांनी दोन दिवस कान वाजत होते.

थेम्सकाठी:

छान धागा. इकडचा अनुभव लिहितो.

२३ एप्रिल २०२३, लंडनचा फुटबॉल संघ टॉटनहॅम न्यूकॅसलला खेळायला गेला. पहिल्या २१ मिनिटांत पाच गोल खाल्ले, शेवटी १-६. माझ्या ऑफिसातला एक जण भावाबरोबर गेला होता. लंडनहून न्यूकॅसल म्हणजे आपलं मुंबई-सोलापूर समजा, थोडं जास्तच. पाचवा गोल झाला तेव्हा त्याच्या आजूबाजूचे बरेच जण उठून गेले. हा बसून राहिला, कारण परतीची गाडी संध्याकाळची होती, जाणार कुठे?

दुसऱ्या दिवशी हंगामी प्रशिक्षकाला काढलं. पाठोपाठ खेळाडूंनी जाहीर केलं की तिकडे आलेल्या चाहत्यांच्या तिकिटांचे पैसे आम्ही देतो. आता हिशेब बघा. प्रीमियर लीगमध्ये बाहेरगावच्या चाहत्याला तिकीट ३० पौंडांच्या वर विकता येत नाही, २०१६ पासून तसा नियमच आहे. रेल्वेभाडं त्याच्या कितीतरी पट. म्हणजे परत मिळाला तो खर्चातला सगळ्यात लहान तुकडा. तरी त्या माणसाने अर्ज भरून पैसे घेतले. का, असं विचारलं तर म्हणाला, मला त्यांच्या खिशातून आलेले हवेत.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये विगनचा संघ याच टॉटनहॅमकडून ९-१ हरला, एकट्या डेफोने पाच मारले. तेव्हाही विगनच्या खेळाडूंनी चाहत्यांना तिकिटाचे पैसे दिले होते. २०१४ मध्ये संडरलंड साउदॅम्प्टनला ८-० हरलं, तेव्हाही.

हिशेबी_माणूस:

या सगळ्याला मी प्रसिद्धीचा खर्च म्हणतो. आठवड्याला लाखभर पौंड कमावणाऱ्याने तीस पौंड परत केले यात कौतुक कसलं? आणि पैसे दिल्याने खेळ सुधारतो का? विगनचंच बघा. त्याच हंगामाच्या शेवटच्या दिवशी चेल्सीकडून ८-० हरले.

खेळात हरणं-जिंकणं असणारच. मी तिकीट काढतो ते खेळ बघायचं, जिंकण्याची हमी त्यावर छापलेली नसते. हरल्यावर पैसे परत घ्यायची सवय लागली तर उद्या प्रत्येक पराभवाला लोक खिडकीवर उभे राहतील.

कांचन_ठाणे:

हिशेबी, पहिल्या परिच्छेदाशी असहमत, दुसऱ्याशी पूर्ण सहमत. नाटकाला जाऊन प्रयोग रंगला नाही म्हणून कुणी पैसे मागत नाही. पण मुख्य नटाचा आवाज बसला, प्रयोग रद्द झाला, तर गडकरी रंगायतनच्या खिडकीवर पैसे परत मिळतात, आणि व्यवस्थापक पडद्यापुढे येऊन हात जोडतो. हात जोडणं हा भाग मोठा आहे. आमच्या आईला तेवढ्याने पुरायचं, ती पैसे न घेता पुढच्या तारखेची तिकिटं घेऊन यायची.

थेम्सकाठी:

@हिशेबी_माणूस, साउदॅम्प्टनचं उदाहरण तुम्हाला पटेल. २५ ऑक्टोबर २०१९, शुक्रवारची रात्र, स्वतःच्या मैदानात लेस्टरकडून ०-९. भर पावसात. तिथल्या खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी त्या दिवसाचा पगार क्लबच्याच धर्मादाय संस्थेला दिला. चाहत्यांच्या हातात काही आलं नाही, पण गावातल्या मुलांच्या कामी आलं. आणि जानेवारीत लेस्टरला जाऊन २-१ जिंकले. त्या विजयाने जे झालं ते पगाराने झालं नव्हतं, हे तिकडचे लोक सांगतात.

हिशेबी_माणूस:

हे पटलं. पण २ फेब्रुवारी २०२१ ला मँचेस्टर युनायटेडकडून पुन्हा ०-९ हरले, तेही लिहा की.

थेम्सकाठी:

लिहिणारच होतो, तुम्ही आधी लिहिलंत. :)

तालमीतला:

आम्ही कोल्हापूरकडचे, आमच्याकडे संघ नाही, जोड असते. गावाचं नाव घेत नाही, पण गोष्ट खरी आहे.

यात्रेचं मैदान. एक नंबरच्या कुस्तीला बाहेरून मोठा पैलवान आणलेला. माणसं बैलगाड्या, टेम्पो, मिळेल त्याने आलेली. हलगी कडाडली, सलामी झडली, आणि पुढचा पाऊण तास नुसती खडाखडी. मनगटं धरायची, सोडायची, माती उचलायची, अंगाला लावायची. लोक उठून ओरडायला लागले. शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. इनाम निम्मं निम्मं. माझे आजोबा पंधरा किलोमीटर चालत आलेले, ते एक शब्द बोलले नाहीत, धोतर झटकून उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तोच पैलवान आमच्या तालमीत हजर. कुणी बोलावलं नव्हतं. लंगोट लावून हौद्यात उतरला आणि गावातली जेवढी पोरं होती तेवढ्यांना एकेक करून अंगावर घेतलं. दोन तास. मला तिसऱ्यांदा पाठीवर पाडल्यावर उठवलं आणि ढाक मारताना माझा उजवा पाय कुठे चुकतो ते हाताने धरून दाखवलं. कट्ट्यावर म्हातारी माणसं येऊन बसली, त्यात आजोबाही. जाताना निम्म्या इनामातून तालमीला तुपाचा डबा ठेवून गेला.

त्या न झालेल्या कुस्तीबद्दल आमच्या गावात नंतर कुणी वाईट बोललं नाही. म्हणून अनुराधाताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: ज्याच्यासाठी लोक आले होते, ते द्या. पैशांसाठी कुणी आलेलं नसतं.

कांचन_ठाणे:

तालमीतला, काय लिहिलंय! तुपाचा डबा डोळ्यांसमोर आला.

सदाशिव_पेठ_३०:

सगळे चेन्नईच्या गाडीचं कौतुक करताय, ठीक आहे. पण आम्हा पुणेकरांचं काय? पुणे वॉरियर्स २०११ मध्ये आले, तीन हंगाम खेळले आणि गुंडाळले. मग रायझिंग पुणे, २०१६ आणि २०१७. २१ मे २०१७ चा अंतिम सामना हैदराबादला, मुंबईचे १२९, आणि आपण १२८. एका धावेने! शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या. मी आणि माझा भाऊ त्या रात्री टिळक रस्त्यावरून काही न बोलता चालत घरी आलो. आणि पुढच्या वर्षी संघच नाही. कोणी गाडी सोडली आमच्यासाठी? वर्षभरात गहुंज्याच्या मैदानावर, आपल्याकडून खेळलेला तोच धोनी पिवळ्या कपड्यांत, आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या.

रावेतचा_राजू:

रायझिंग पुणे दोनच वर्षांसाठी होता हे सुरुवातीपासून ठाऊक होतं ना? चेन्नई-राजस्थानच्या बंदीची जागा भरायला पुणे आणि गुजरात घेतले होते.

सदाशिव_पेठ_३०:

करार दोन वर्षांचा होता. जीव लावताना तारीख बघून लावता येत नाही. निदान एक निरोपाचा दिवस ठेवायचा, मैदान उघडायचं, पोरांना खेळाडूंबरोबर फोटो काढू द्यायचे. एवढंच म्हणतोय.

अनुराधा_चिंचवड:

सदाशिव, हे अगदी मनातलं. माझ्या भावाचा जांभळा टी-शर्ट अजून आहे, तो फक्त दिवाळीची साफसफाई करताना घालतो.

मांजरा_काठ:

थोडं अवांतर, पण लिहायलाच हवं. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. नळाला महिना महिना पाणी नव्हतं, टँकरपाशी भांडणं व्हायची म्हणून जमावबंदी होती. त्या वेळी उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले, मग मुंबई आणि पुणे दोन्ही संघांनी विशाखापट्टणमला घर केलं. दोन्ही संघ मुख्यमंत्री निधीला प्रत्येकी ५ कोटी द्यायला तयार होते. सामने हलले म्हणून पुण्या-मुंबईतले चाहते तेव्हा खूप चिडले होते, मला फोनवर ऐकवलंही होतं. मला क्रिकेट आवडतं. पण आमच्या आईने तेव्हा दोन घागरींत दिवस काढलाय.

२०१८ मध्येही, ती पिवळी गाडी पुण्याला येत होती त्याच आठवड्यात, पवनेचं पाणी गहुंज्याच्या मैदानाला वापरायला न्यायालयाने मनाई केली होती. एका राज्यातून पाण्यामुळे हललेले सामने दुसऱ्या राज्यात पाण्याच्याच प्रश्नात अडकले. चाहत्यांसाठी काही करताना आसपासच्या गावांचंही बघावं, एवढंच.

पवनाथडी:

मांजरा_काठ +१. आम्ही मावळातले, आम्हाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच मैदानाची आणखी एक गोष्ट मात्र सांगतो. सहा सामने संपल्यावर धोनी आणि चेन्नई संघाने गहुंज्याच्या मैदान कर्मचाऱ्यांना प्रत्येकी २० हजार रुपये आणि फ्रेम केलेला फोटो दिला. यातले बरेच जण आसपासच्या वाड्यांमधले. उन्हात रोलर ओढणारा माणूस टीव्हीवर कधी दिसत नाही, त्याच्या भिंतीवर तो फोटो लागला.

फातोर्ड्याचो_पोर:

गोव्यातून देव बरें करूं.

इंडियन सुपर लीग फुटबॉलची २०१५ ची फायनल आमच्या फातोर्ड्यात. नव्वदाव्या मिनिटापर्यंत एफसी गोवा २-१ पुढे. मग आमच्याच गोलकीपरच्या अंगाला लागून चेंडू आत, लगेच चेन्नईयिनचा तिसरा. २-३. स्टेडियममधला आवाज असा बंद झाला की फटाके लावायला उभी राहिलेली माणसं माचिस हातात धरून तशीच उभी होती. त्या पराभवाचे कुणी पैसे दिले असते तर आम्ही घेतले नसते.

पण २२ ऑक्टोबर २०२५ चं दुखणं वेगळं. रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर गोव्यात खेळायला येणार म्हटल्यावर रोनाल्डो बघायला मिळेल म्हणून लोकांनी तिकिटं काढली. तो आलाच नाही. माझा पुतण्या सात नंबरचा शर्ट घालून तयार. आता सांगा, यात चूक कुणाची? गोवा संघाच्या हातात ते नव्हतं. सामना झाला, १-२ हरलो, पण ब्रायसनने काय सुरेख गोल मारला! पुतण्या परत येताना ब्रायसन ब्रायसन करत होता. आपल्या पोराने आपल्या मैदानावर गोल मारला, हीच त्याला भेट मिळाली.

हिशेबी_माणूस:

इथे मी पैसे परत द्यायच्या बाजूने आहे, बरं का. एखाद्याचं नाव पुढे करून तिकीट विकलं आणि तो उतरला नाही, तर ती विक्रीच चुकीची. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाँगकाँगला मेस्सी दुखापतीमुळे बाकावर बसून राहिला आणि तीन दिवसांनी टोकियोत खेळला. लोक भयंकर चिडले. शेवटी आयोजकांना निम्मे पैसे परत करावे लागले.

बेंगळुरू_जयनगर:

पावसाने सामना वाहून गेला तर काय, हेही आलं पाहिजे. १७ मे २०२५, चिन्नास्वामी. कोहलीने त्याच आठवड्यात कसोटीतून निवृत्ती जाहीर केलेली, म्हणून लोक लाल सोडून पांढरे कपडे घालून आले होते. मीही ऑफिसचा पांढरा शर्ट घातलेला. नाणेफेकही झाली नाही. चिंब होऊन घरी आलो. तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळाले, काही कटकट नाही.

पण अठरा दिवसांनी, ४ जूनला, त्याच मैदानाबाहेर ११ जण चेंगरून गेले. बेंगळुरूने आयपीएल जिंकल्याचा विजयोत्सव बघायला आलेली, बहुतेक तरुण पोरं. नंतर प्रत्येक कुटुंबाला २५ लाख जाहीर झाले. मी त्या दिवशी मेट्रोच्या जिन्यावरून गर्दी बघून परत फिरलो होतो. तेव्हापासून या विषयावर मला एकच वाटतं, चाहत्याला घरी नीट पोचवा. बाकी सगळं त्यानंतर.

कांचन_ठाणे:

जयनगर, खरं आहे. ४ जुलै २०२४ ला मरीन ड्राइव्हवर मी होते. विश्वचषक जिंकून बार्बाडोसच्या वादळाने अडकलेला भारताचा क्रिकेट संघ आला, वानखेडेत प्रवेश मोफत, लोक दुपारपासून पावसात. माझी एक चप्पल गेली, शेजारच्या बाईंनी माझ्या मुलाला खांद्यावर घेतलं. आनंदाचाच दिवस होता, पण काही जणांना रुग्णालयात न्यावं लागलं हे घरी गेल्यावर कळलं आणि पोटात खड्डा पडला.

अंधेरी_फुटबॉल:

सगळे संघाने काय द्यावं ते सांगतायत. मी उलटं सांगतो. जून २०१८, अंधेरीचं मैदान, भारत विरुद्ध चायनीज तैपेई. ५-० जिंकलो, छेत्रीची हॅटट्रिक, आणि प्रेक्षक किती? २,५६९. मी त्यातला एक. गोल झाल्यावर आपल्याच टाळ्यांचा आवाज ऐकू येत होता. त्यानंतर छेत्रीने व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा, अशा अर्थाचं बोलला.

४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. धो धो पाऊस, मैदानात तळं, छेत्रीचा शंभरावा सामना. ३-० जिंकलो, दोन त्याचे. संपल्यावर संघ गर्दीपुढे येऊन टाळ्या वाजवत उभा राहिला. पावसात माझा फोन बंद पडला, फोटो एकही नाही. कर्णधाराने हात जोडून बोलावलं आणि गाव धावून आलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तंजावूर_मैलापूर:

नमस्कार. धागा दोन दिवस वाचतोय. आमची घरची मराठी वेगळी, तंजावरकडची, म्हणून इथे छापील भाषेत लिहितो.

मी त्या गाडीत होतो.

फॅन क्लबमार्फत नावं घेतली होती, माझं येईल असं वाटलं नव्हतं. १९ तारखेला सकाळी सेंट्रलवरून निघालो. टी-शर्ट मिळाले, डब्यात जेवण येत होतं, आणि ढोलकं रात्री दोनपर्यंत चालू. कुणाचे आजोबा, कुणी कॉलेजची मुलं, एक जोडपं लग्न होऊन आठवडा झालेलं. रात्री सोलापूरच्या आसपास गाडी थांबली. फलाटावरची मराठी पाटी मी मोठ्याने वाचली तर डब्यातले सगळे चकित, तुला हे कसं येतं? शाळेत जे कधी सांगितलं नव्हतं ते मी त्या रात्री सगळ्यांना सांगितलं, की आम्ही तिकडूनच आलो, कितीतरी पिढ्यांपूर्वी. मी पुण्याला पहिल्यांदाच येत होतो.

तुमच्या प्रश्नाबद्दल, ताई. चेपॉकचं दुःख त्या गाडीने गेलं नाही. माझे वडील व्हीलचेअरवर, ते पुण्याला येऊ शकत नव्हते. त्यांच्यासाठी ते वर्ष एका सामन्याचंच राहिलं. पुढच्या वर्षी २३ मार्चला पहिलाच सामना चेपॉकला झाला, बेंगळुरूचा संघ ७० धावांत बाद, आणि त्या सामन्याच्या तिकिटांचं उत्पन्न संघाने पुलवामाच्या हुतात्म्यांच्या कुटुंबांना दिलं. वडिलांना घेऊन गेलो होतो. ते म्हणाले, "आता बरं वाटलं." त्यांच्यासाठी सामना घरी परत येणं हीच भरपाई होती. माझ्यासाठी ती गाडी होती. दोघांचं उत्तर एक नाही.

तालमीतला:

पुण्यात जेवलात कुठे?

तंजावूर_मैलापूर:

स्टेशनसमोर वडापाव, चार. लाल चटणी आमच्या घरात आजी करायची तशीच होती.

अनुराधा_चिंचवड:

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. तालमीतल्यांची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. आणि म्हणाले, ती मुलगी आता कॉलेजात असेल.

तंजावूर, एक काम आहे. शिट्टीच्या मागच्या बाजूला बॉलपेनने तमिळमध्ये काहीतरी लिहिलंय, आठ वर्षं आम्ही नीट पाहिलंच नव्हतं. फोटो टाकलाय. तिचं नाव आहे का ते? वाचून सांगाल का?

तंजावूर_मैलापूर:

मोठा करून पाहिला. नाव नाही, ताई. पहिली ओळ "पुणे". खाली "अप्पासोबत". त्यापुढे तारीख असावी, ती पुसली गेलीय.